गळ्यातली लाल पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काळी वायर आहे. काळी म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी, तिला हात लावला तरी चालतो, असं पुष्कळजण धरून चालतात. इथेच सगळं घोडं पेंड खातं.

एक वायरमन आपल्या बहिणीच्या नव्या घराचं फिटिंग करत होता. स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणाशी आला आणि वीज आणणारी लाल वायर चार हात कमी पडली. मग त्याने मेनकडून येणारी वीज माझ्यातूनच बटणापर्यंत आणली. कुणी फसू नये म्हणून माझ्या गळ्याला लाल टेपची पट्टी गुंडाळली. बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण माझ्यातली वीज तशीच असायची.

सोळा वर्षं मी इमानेइतबारे राबले. माझ्या जिवावर बहिणीने भाज्या चिरल्या, तिच्या मुलीने अभ्यास केला. कौतुक दिव्याचं व्हायचं, माझं नाव कोण काढतो? पुढे टेपचा गोंद वाळला आणि पट्टी गळून बटणामागच्या डबीत पडली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

एक दिवस बटण अडकू लागलं. बहिणीचा नवरा पाना-पक्कड घेऊन बटण उघडून बसला.

"अहो, दादाला बोलवू या ना," बहीण म्हणाली.

"एवढ्याशा कामाला? बटण बंद केलंय. आणि ही तर काळी आहे."

त्याने माझं उघडं टोक चिमटीत धरलं आणि दुसऱ्या क्षणी तो जमिनीवर होता. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. शर्टाची बटणं बायको लावून देते. सगळे मला दगाबाज म्हणाले. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

वायरमन धावत आला. डबीच्या तळाशी त्याला ती पट्टी सापडली.

"दाजी, चूक माझी आहे," तो म्हणाला. "पट्टी बघून कुणालाही कळेल असं वाटलं होतं."

"वायरीला तोंड नसतं, दादा," बहीण म्हणाली. "तुला होतं ना? सोळा वर्षं येतोयस जेवायला. एकदा सांगायचंस."

त्याने मेन बंद केला. मला काढून तिथे लाल वायर घातली.

आता मी त्याच्या पिशवीत असते. नवं काम झालं की तो घरातल्या सगळ्यांना बोर्डापुढे उभं करतो आणि कुठली वायर काय करते ते सांगतो. मित्रांनो, नुसत्या रंगावर जाऊ नका. आधी मेन बंद करा, मग टेस्टर लावून बघा. आणि आपण काही वेगळं केलं असेल, तर घरच्यांना तोंडाने सांगा.

बहिणीकडे तो अजून जेवायला जातो. अंधारलं की दाजी उठून डाव्या हाताने दिवा लावतात, आणि वायरमन ताटाकडे बघत राहतो.