दोन थर

"तीन फूट आठ इंच," लेक म्हणाली आणि तिने टेप सोडली. टेप सर्रकन आत गेली. "आबा, नकाशात तीन फूट आहे."

"असेल."

"असेल काय? कठडा तुमच्याच माणसांनी बांधलाय."

चार दिवस ती या शीतगृहाच्या गच्चीवर वायरींचे जोड तपासत होती, पेट्या उघडत होती, फोनवर कुणाकुणाशी हुज्जत घालत होती. उन्हाळ्यात पॅनल बसवले तेव्हा वीज ठरल्याप्रमाणे येत होती. थंडी सुरू झाली आणि पहिली रांग जवळजवळ मेल्यासारखी वागू लागली. शीतगृहाच्या शेटजींनी स्पष्ट सांगितलं होतं : कबूल केलेली वीज आली, तर पुढच्या दोन गोदामांचं बांधकाम आणि पॅनल, दोन्ही तुमच्याकडे, नाही आली तर दोन्ही दुसऱ्याकडे. घरच्या फर्मच्या पाटीवर बांधकामाखाली सौर विजेची ओळ चढली, त्याला तीन वर्षं झाली होती. बापलेकीने एकाच इमारतीवर काम करायची मात्र ही पहिलीच वेळ.

"हे बघा." ती पहिल्या रांगेपाशी उकिडवी बसली. कठड्याची सावली पॅनलांच्या खालच्या कडेवर चढली होती. दोरी लावल्यासारखी सरळ. "नकाशातली उंची धरून मी सावलीचं गणित केलं होतं. ऐन थंडीतसुद्धा ती पॅनलच्या अलीकडे थांबायला हवी."

आबांनी सावलीकडे पाहिलं, मग पॅनलकडे. "वीतभर तर आहे. बाकी अख्खं पॅनल उन्हात आहे की!"

"वीतभर पुरते. रांगेतल्या सगळ्या पॅनलांमधून एकच प्रवाह जातो. कुठेही अडला की सगळीकडे अडतो."

आबा विचारात पडले. "म्हणजे घमेल्यांच्या रांगेसारखं. स्लॅबच्या दिवशी मधला एक गडी दमला, की पुढचे नुसते हात पसरून उभे."

"अगदी तसंच! आम्हाला हे समजवायला सरांना दोन तास लागले होते."

कौतुकच होतं ते, पण आता त्याचं काय करायचं ते आबांना कळेना.

गवंडी त्यांना पाठीमागे 'दोनथरे' म्हणत. नकाशात काहीही असो, कठडा उंचीला आला की त्यावर विटांचे आणखी दोन थर चढायचेच. कुणी विचारलं तर आबा म्हणत, "असू दे." त्यांच्या पहिल्या इमारतीवर एक रंगारी आपलं काम नीट दिसावं म्हणून मागे सरकत कठड्यावरून खाली गेला होता. कठडा नकाशाबरहुकूम होता. चौकशीत आबांवर कसलाच ठपका आला नाही. लेक तेव्हा जन्मलीही नव्हती.

"मला सांगायचं तरी," ती आता म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? नेहमीचंच आहे. विटेची सावली विजेला बाधते, हे मला काय ठाऊक?"

"या बाजूचे दोन थर काढावे लागतील."

"रांग मागे घे ना."

"मागे जागा नाही. मागच्या रांगेवर सावली पडेल."

"मग उंच कर."

"वारा उचलून नेईल, आबा."

आबा कठडा आणि रांग यांच्यामधल्या वाटेवर जाऊन उभे राहिले. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागेल एवढीच ती वाट. "पॅनल पुसायला कोण चढतं?"

"माझा माणूस. दर आठवड्याला."

"ही रांग पुसताना त्याची पाठ कुणीकडे असते?"

लेकीने कठड्याकडे पाहिलं. "त्याला पट्टा दिलाय. दोर दिलाय."

"बांधतो?"

तिने टेप थोडी बाहेर ओढली आणि पुन्हा सोडली. जे नक्की ठाऊक नाही ते बोलायची तिला सवय नव्हती.

आपण जिंकलो असं आबांना वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांत साइटवरचं प्रत्येक भांडण एका जागी येऊन संपायचं : कुणाचा तरी माल पातळ निघायचा, नाहीतर कुणीतरी खोटं बोललेलं असायचं. मग त्याला झाडायचं आणि कामाला लागायचं. इथे पोरीचं गणित बरोबर होतं आणि कठडाही बरोबर होता. ओरडायचं कुणावर? ते गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"थर काढून त्या जागी वरून लोखंडी पाइप टाकते," लेक हळूच म्हणाली.

"त्याची सावली?"

"पडेल. थोडी."

"मग नको."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः ते दोन थर काढायला छिन्नी-हातोडा घेऊन बसले. तासाभरात पाच विटा निघाल्या, त्याही तुकड्यांनी. सिमेंट-वाळूचा एकास चारचा पक्का माल होता. पाणीही पोटभर मारलेलं.

मुकादम बाजूला उभा राहून बघत होता. "मालक, तुमचं बांधकाम असं सुटायचं नाही. दोनथरेंचं आहे ते." जीभ चावून तो म्हणाला, "मशीन आणू का?"

आबांना आपलं टोपणनाव पहिल्यांदाच तोंडावर ऐकायला मिळालं. "आण," ते म्हणाले.

मशीनने दुपारच्या आत काम उरकलं. सगळ्या पॅनलांवर लाल धूळ बसली. ती धुवायला पुसणारा माणूस बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन वर आला. पट्टा त्याच्या खांद्यावर लोंबत होता.

"दोर?" आबांनी विचारलं.

"दोर पायात येतो हो मालक. पाच मिनिटांचं काम."

तो पहिल्या रांगेपाशी गेला. वरची कड पुसायला ब्रश लांबवत एकेक पाऊल मागे येऊ लागला. आबा त्या वाटेवर शिरले आणि कमरेएवढ्या कठड्याला टेकून त्याच्या पाठीमागे उभे राहिले.

फोन वाजला. लेक खाली शेटजींच्या खोलीत होती. "आबा, पहिली रांग उठली! आकडा अगदी गणितासारखा येतोय. शेटजी समोरच बसलेत."

"बरं झालं."

"थांबा हं, आकडा मिनिटभर मागे असतो." मागे शेटजी काहीतरी म्हणाले. "पुन्हा पडली. पुसणाऱ्याची सावली येते-जाते, ही हलत नाही. वर कुणी उभं आहे का कठड्यापाशी?"

आबांनी समोर पाहिलं. त्यांचं डोकं आणि खांदे ओल्या पॅनलवर काळे उमटले होते.

"मी आहे."

"जरा बाजूला होता का? शेटजी बघतायत."

"होतो."

त्यांनी फोन खिशात ठेवला. पुसणारा आणखी एक पाऊल मागे आला. आबा कठड्याला पाठ घासत खाली बसले. डोकं कठड्याच्या खाली जाईपर्यंत. पाय त्यांनी वाटेवर आडवे पसरले.

पुसणाऱ्याची टाच त्यांच्या नडगीवर आदळली. तो दचकून वळला. "अहो मालक, इथे काय बसलात? उठा, अंगावर पाणी उडेल."

"उडू दे," आबा म्हणाले. "तू पूस."