सार्डिनियाची वाइन आणि रव्यातला स्नॅपर

२००६ साली परदेशात, अल्बनीतल्या वाइनच्या दुकानात नोकरी लागली, तोवर विभावरीने वाइन कधी चाखलीही नव्हती. लेबलं वाचून ती गिऱ्हाइकांना माहिती सांगायची.

एके दिवशी मालक कॉलिनने इटलीच्या सार्डिनिया बेटावरची पांढरी वाइन तिच्यापुढे ठेवली. "शनिवारी टेस्टिंग आहे, गिऱ्हाइकांना वाइन चाखायला द्यायची. हिच्यासोबत खायला काय द्यायचं, ते तू ठरव."

तिने भीत भीत घोट घेतला. "लिंबासारखी आहे, जराशी खारट. आणि शेवटी बदामाच्या सालीसारखी कडवट."

"हे तुला कोणी सांगितलं?" कॉलिन चकित झाला.

"जिभेने," ती हसली.

बाटली घरी नेऊन तिने स्नॅपर मासा मालवणी मसाला लावून तळला. नवरा चंद्रहास म्हणाला, "मासा फक्कड झालाय, पण त्यावर ही वाइन नुसती कडू लागतेय गं."

त्याचं बरोबर होतं. मग तिने मसाला वगळला आणि मीठ, हळद, लिंबू लावून तुकडे रव्यात घोळवले. आता घासाला घोट हवासा वाटू लागला.

शनिवारी दुपारी दुकानात ताटली फिरली. एक आजीबाई तीन तुकडे खाऊन म्हणाल्या, "दोन बाटल्या दे. आणि मासा कसा केलास, तेही लिहून दे."

विभावरीने बाटलीच्या कागदी पिशवीवरच कृती लिहिली. संध्याकाळपर्यंत अशा अकरा पिशव्या लिहून तिचा हात भरून आला, पण चेहऱ्यावरचं हसू काही मावळलं नाही.