फळ्यावरचं नाव

"त्या राज्यात शेजारी शेजाऱ्याची चुगली करतो, आणि सरकार नकोशी नावं पुसून टाकतं!" नववीला कादंबरी समजावताना मी रंगात आले होते. मागे एक हात वर झाला.

"हात खाली! शंका शेवटी."

तेवढ्यात मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. जाताना मी मॉनिटरला बजावलं, "जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही."

परत आले तर वर्ग चिडीचूप. फळ्यावर एकच शब्द होता: बाई.

"हा काय चावटपणा?" मी कडाडले.

मॉनिटर चाचरत उठली. "तासभर तुम्हीच बोलत होतात, बाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मी डस्टर उचललं आणि सगळ्यांदेखत ते नाव पुसलं.

"आता विचारा शंका," मी म्हटलं.

एकही हात वर झाला नाही.