चक्कर आणणारी गोळी

सगळ्यात आधी खटकलं ते एवढंच, की पोरगी रडत नव्हती.

विंचू चावलेलं माणूस गाव डोक्यावर घेतं, हे मीसुद्धा ऐकून आहे. आणि ही नऊ वर्षांची सत्यभामा गावच्या सोसायटीच्या कचेरीत बाकावर गप्प पडून होती. मी ड्रॉवरच्या फटीतून बघत होते.

मी एक गोळी. रक्तदाबाची. माझं लांबलचक इंग्रजी नाव इथं कुणाला म्हणता येत नाही. सोसायटीच्या टेबलाच्या ड्रॉवरात, शिक्क्याची पेटी आणि सुपारीची खांडं यांच्यामध्ये मी पडून असते. ड्रॉवर नीट बसत नाही, म्हणून बोटभर फट राहते. माझं सगळं जग त्या फटीएवढं.

माझा जन्म एका मोठ्या यंत्रात झाला. पांढरी भुकटी दाबली, अर्धी मोडता यावी म्हणून मधोमध एक रेघ ओढली आणि बहिणींच्या रांगेत चकचकीत पाकिटात मला बंद केलं. आवळलेल्या शिरा सैल करायच्या, चढलेला दाब उतरवायचा, एवढंच आमचं काम. उमरग्याच्या औषधाच्या दुकानातून आण्णासाहेबांनी आम्हाला विकत आणलं. आण्णासाहेब म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन. गाव सास्तूरच्या वाटेवरचं, आणि पाऊस सलग दोन वर्षं हुलकावणी देऊन गेलेला.

पहिली गोळी रात्री झोपताना घ्यायची, हे दुकानदारानं सांगितलं होतं. आण्णासाहेबांनी ती सभेच्या दिवशी सकाळी घेतली. चाऱ्याच्या वाटपावर बोलायला उभे राहिले आणि सगळ्या सभासदांदेखत कोसळले. मागून कुणीतरी म्हणालं, "खुर्ची सोडायची येळ आली की चेअरमनला चक्कर येतीया." सगळी सभा हसली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाकीट टराटरा फाडलं आणि माझ्या बहिणी उकिरड्यावर फेकल्या. मला तेवढी ठेवली, डॉक्टरीणबाईंना दाखवायला. पुरावा म्हणून.

डॉक्टरीणबाई म्हणजे महानंदा. अंबाजोगाईला शिकून नुकतीच सरकारी नोकरीत लागलेली. सोसायटीच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दवाखाना चालवायची. दार वाजलं तरी दचकायची. आण्णासाहेबांनी मला तिच्यापुढं धरलं तेव्हा ती चाचरत म्हणाली, "गोळी वाईट नाही, आण्णासाहेब. पहिली घेतल्यावर पडून राहायचं असतं."

"मग चेअरमननं आडवं पडून भाषण करायचं का, बाई?" असं म्हणत त्यांनी मला ड्रॉवरात टाकलं आणि ड्रॉवर लोटला.

तेव्हापासून मी एकटी. ड्रॉवर उघडला की धस्स होतं. हात आत येतो, मला वाटतं माझ्यासाठीच आला. तो सुपारी घेऊन जातो. बहिणींचं काय झालं ते कळलं नाही. पाऊसच नाही, तेव्हा विरघळल्या तरी नसतील. जी कुणाच्या पोटात गेली नाही, त्या गोळीच्या जगण्याला आयुष्य तरी कसं म्हणायचं?

तो बुधवार उन्हाळ्यातला होता. गावाशेजारी पाझर तलावाचं काम चालू होतं आणि मालनबाई तिथं दगड वाहत होती. आईला मदत म्हणून तिच्या पोरीनं, सत्यभामेनं, एक दगड उचलला. खाली लाल विंचू होता. पोरीला आधी वीरप्पाकडं नेलं. वीरप्पा विंचू उतरवायचा. मग सावली जवळ म्हणून सगळे सोसायटीत आले, वीरप्पासुद्धा.

"उतरलं की," निंबाचा डहाळा झटकत वीरप्पा म्हणाला. "मघा कसली बोंबलत हुती. आता बघा, गपगार. इख मातीत गेलं."

मालनबाईनं पदरानं तोंड पुसलं. "लई भ्याले व्हते, वीरप्पाकाका."

महानंदा खोलीतून आली आणि तिनं पोरीचा हात धरला. धरला तशी दचकली. बाहेर पत्रा तापून कडकडत होता, आणि पोरीचा हात माठासारखा गार, ओला. झग्यातून घाम निथळत होता. तिनं दाब मोजला. स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून पुन्हा मोजला.

"मालनबाई, दुखणं थांबलंय. विष थांबलं नाही."

"म्हंजी?"

"आमच्या सरांनी शिकवलंय. कोकणातल्या एका आडगावच्या दवाखान्यात नव्यानं लक्षात आलं. विंचवाच्या विषानं शिरा आवळतात, काळजावर ताण येतो, मग छातीत पाणी होतं. शिरा सैल करणारी गोळी वेळेत मिळाली तर माणूस वाचतं." मग ती टेबलाशी बसलेल्या आण्णासाहेबांकडं वळली. "ती गोळी तुमच्या ड्रॉवरात आहे."

ड्रॉवर उघडला. महानंदाचा हात आत आला आणि सुपारी बाजूला सारून त्यानं मला उचललं. मला खरं वाटेना.

"खुळ्या का काय, बाई?" आण्णासाहेब पुढं आले. "माझ्यासारख्या बैलाला आडवं केलं हिनं. ही एवढीशी पोर!"

महानंदालाही तीच भीती. गोळी हीच, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. एवढ्याशा मुलीला अर्धी द्यायची की पाव, ते काही केल्या आठवेना. जास्त झाली तर पोर हातातच जाईल, नाही दिली तर छाती भरेल. दवाखान्याची जीप उमरग्याला गेलेली, एसटी संध्याकाळची.

तिनं टेबलावरच्या फोनवरून अंबाजोगाईला सरांना ट्रंक कॉल लावला. हँडल फिरवून दमली. "लाइन बिझी हाय, थांबा," एवढंच एक्स्चेंजमधून येई. मग नुसती खरखर.

सत्यभामा खोकली. कोरडंच, एकदा.

वीरप्पानं डहाळा खाली ठेवला. "बाई, पोरीचं ओठ निळं दिसतेत."

मालनबाई उठून महानंदासमोर उभी राहिली. "द्यायची का न्हाय, येवढं सांगा. तुमी सांगाल ते करते."

"सांगते, मालनबाई. एक मिनिट. सांगतेच."

आण्णासाहेब तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फोन स्वतःकडं ओढला. "सरा तिकडं. आपल्या फोनला जोर लागतो." आणि विहिरीवरचा रहाट फिरवावा तसे ते हँडल फिरवू लागले.

मी महानंदाच्या मुठीत होते. तळहाताच्या घामानं माझी कड विरघळायला लागली होती. एवढे दिवस एकटी पडून राहिले आणि आता अशी मुठीतच संपून जाणार की काय, असं वाटलं. वाचकांनो, तुमच्याकडं मी एवढंच मागते: विंचू चावलेलं लेकरू गप्प झालं, तर देवाचे आभार मानण्याआधी त्याचा हात हातात घेऊन बघा. गार लागला तर दवाखाना गाठा.

खरखर थांबली. "लागला," म्हणत आण्णासाहेबांनी रिसीव्हर तिच्या कानाशी धरला.

"हॅलो, कोण?"

"सर, मी महानंदा. विंचू, लाल. नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि..."

पलीकडून सरांनी शांतपणे विचारलं, "रडतेय का गं ती?"

"नाही, सर," महानंदा म्हणाली. तिनं मूठ उघडली, आणि तिच्या अंगठ्याचं नख माझ्या रेघेवर येऊन थांबलं.