सुभेदारांचं निळं शेड

आमचे मालक सुभेदार होऊन पेन्शनवर आले आणि महाबळेश्वराजवळच्या आमच्या रानात स्ट्रॉबेरीची क्रेटं ठेवायला शेड निवडू लागले. साताऱ्यातली सगळी दुकानं त्यांनी पालथी घातली. प्रत्येक पत्र्यावर बुक्की मारून बघितली. शेवटी एक दुकानदार म्हणाला, "साहेब, वादळ थकंल, पण ह्ये शेड हलायचं न्हाई."

शेड आलं. निळं, चकचकीत. सगळा गाव बघून गेला.

पावसाच्या तोंडावर बघते तर काय, घराच्या भिंती भिजू नयेत म्हणून गवताच्या झड्या बांधतो ना, तशाच झड्या सुभेदार शेडला चारी बाजूंनी बांधत होते.

"आवं, ह्ये काय?"

"रंग उडंल की पावसानं! एवढं देखणं शेड हाय."

आणि क्रेटं? ती माझ्या सैपाकघरात. आत ठेवली तर पत्रा खरचटंल म्हणे!

दिवाळीला झड्या सोडल्या. चांगल्या टिकल्या होत्या, टाकवेनात. सुभेदारांनी त्या नीट गुंडाळून शेडात रचल्या, पुढच्या पावसात शेडला बांधायला. शेड गच्च भरलं.

आता म्हणतात, क्रेटांसाठी एखादं दुसरं शेड बघूया.