दोन एक्सलची वाटणी

भर चढाला गाडीच्या पोटातली जोडणी तुटली, उसासकट गाडी मागे सरकली आणि उत्तरेश्वर दरीत गेला. पण तसं काही झालंच नाही, असं नंतर चार शहाण्या माणसांचं एकमत झालं, आणि एकमताचा मान राखायला हवा. तेव्हा काहीएक झालेलं नाही. सकाळचे दहा वाजलेत, केजच्या बाहेर बंकट मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी जॅकवर उभी आहे आणि उत्तरेश्वर पुढच्या बंपरवर बसून शेंगा खातो आहे.

बंकटने मागच्या एक्सलमधला क्राऊन, म्हणजे मोठं दातेरी चाक, उचलून तेलकट बारदानावर ठेवला. दातांवरून बोट फिरवलं.

"दोन्ही एक्सलचे जोडे गेलेत. बोला, रेशो कोणता टाकू?"

प्रश्न साधा होता. गाडी दहाचाकी, मागच्या दोन्ही एक्सलना इंजिनाची ओढ. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळजवळ सात फेरे पडतील असा जोडा टाकला, तर गाडी चिखलातून, घाटातून भार ओढते. सडकेवर मात्र म्हशीसारखी चालते. सव्वापाचाचा टाकला तर सडकेवर पळते आणि घाटात धापा टाकते. मालकाने आपल्याला काय करायचंय ते ठरवायचं, की झालं. अडचण एवढीच, की मालक दोन होते.

थोरला मुंजाजी चार महिने घाट चढून कडा गावच्या कारखान्याला ऊस वाही. धाकटा हनुमान उरलेले आठ महिने कापसाच्या गाठी गुजरातला धाडी. बापामागे त्यांचं रान वाटून झालं, विहीर वाटून झाली, विहिरीवरची मोटारसुद्धा दिवसाआड वाटून झाली. गाडी तेवढी उरली होती. ती वाटायला विठ्ठलराव आले होते. ते पंचायत समितीचे माजी सभापती. आणि माजी झाल्यापासून त्यांना निकाल द्यायला भरपूर सवड होती.

"सातचाच टाक," मुंजाजी म्हणाला. "भरल्या गाडीनं घाटात उभं ऱ्हायचं का?"

"सव्वापाच," हनुमान म्हणाला. "आठ महिने म्हशीवर बसून सुरत गाठायची का?"

"सव्वासहाचा मिळतो," बंकट म्हणाला. "दोघांचं भागंल."

दोघा भावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांचा चेहरा सारखा दिसला. मधला रेशो म्हणजे दोघांपैकी कुणाचाच नाही.

विठ्ठलराव धोतर सावरून गाडीखाली वाकले.

"मागं एक्सल किती?"

"दोन."

"आन् भाऊ किती?"

बंकटने पान्हा उचलला.

"निकाल झाला," विठ्ठलराव कंबर धरून उभे राहत म्हणाले. "ज्याचा त्याला."

"एका गाडीला दोन रेशो चालत न्हाईत, साहेब."

"कावून?"

"एका जुवाला दोन बैल हायेत. एकाचं पाऊल वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. जू मोडंल."

"मग जू मजबूत टाक बे."

बंपरवरून हसू आलं. उत्तरेश्वर गाडीचा ड्रायव्हर होता, आणि दोघा भावांच्या बहिणीचा, मंगलचा, नवरा.

"मग पुढचा एक्सल मंगलचा का, विठ्ठलराव? त्याला ओढ न्हाई, नुसतं वळायचं काम हाय. लई शोभतं ते तिला."

"दाजी, तिनं हक्कसोड लिहून दिलंय," हनुमान गंभीरपणे म्हणाला.

पान्हा खाली ठेवायला बंकटला कुणाची बंदी नव्हती. पण विठ्ठलराव जाता जाता म्हणाले, तू न्हाई करत तर बीडला मिस्त्री लई हायेत. दुसरा करील तर दातांमधल्या फटीसुद्धा नीट मोजणार नाही, असं बंकटला वाटलं. त्याने दोन दिवस लावून दोन्ही जोडे बसवले. फटी पातीने तीन-तीनदा मोजल्या. इतकं चोख काम त्याने वर्षभरात केलं नव्हतं.

गाडी न्यायला उत्तरेश्वर एकटाच आला.

"खरं सांग मिस्त्री. किती दिवस?"

"सपाटीला चालंल. मधली जोडणी दोघांचा फरक पचवती, तापत-तापत. ती जोडणी जाम करणारं लॉक तेवढं टाकू नको. लॉक टाकलं की दोन्ही एक्सल एकमेकाला खेचत्यात."

"घाटात चाक जाग्यावर फिराय लागलं तर टाकावंच लागतं की."

"मग घाटात जाऊ नको."

"ते मुंजाजीला सांग." उत्तरेश्वर केबिनमध्ये चढला. "मी जावई हाय बाबा. मला घरात बोलाया बंदी हाय, मरायला न्हाई."

बंकटही हसला होता.

सतरा दिवस भावाभावांत इतकी शांतता होती, की विठ्ठलरावांनी आणखी दोन वाटण्या हातात घेतल्या. अठराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता काही झालं नाही. न झालेलं ते असं: घाटातल्या वळणावर खडी सांडलेली होती, मागचं चाक जागेवर फिरू लागलं, उत्तरेश्वरने लॉक टाकलं. वळणावरच्या रसवंतीवाल्याला दांडकं मोडल्यासारखा आवाज ऐकू आला. ब्रेकांनी गाडी थोडा वेळ धरली. मग वजनापुढे सोडली.

पंचनाम्यात आलं, की चालकास डुलकी लागली. मुंजाजी, हनुमान, विठ्ठलराव आणि लिहून घेणारा पोलीस यांनी चहा घेऊन सह्या केल्या.

तेरावा झाल्यावर मंगल गॅरेजात आली. बसली नाही.

"बंकटभाऊ, आमचे हे गाडीवर कधी झोपलेते का?"

"न्हाई, ताई."

"सकाळी नऊला?"

"न्हाई."

"आमची ऋतुजा शाळंत जाईना. पोरी म्हनत्यात, तुझा बाप झोपंत मेला. भाऊ म्हनत्यात, आता गप ऱ्हा, घरचं हाय." ती बारदानाकडे बघत होती. "मी ह्यांना कोंबड्याआधी उठताना बघितलंय, रोज. मी कुणाला सांगू?"

बंकट हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

ठाण्यात हवालदाराने सगळं ऐकून घेतलं.

"मयताची तक्रार न्हाई. मालकांची न्हाई. तुझं कुणी नाव घेतलं न्हाई. मग तुला काय झालंय बे?"

"लिहून घ्या, साहेब."

"लेखी दे. पोच मागू नको."

बंकटने बाहेरच्या बाकावर बसून लिहिलं:

"मे. तपासी अंमलदार साहेब यांसी. अर्जदार मिस्त्री असून सदर गाडीचे दोन्ही एक्सलला दोन वेगळे रेशो त्याने स्वतःचे हाताने, पूर्ण शुद्धीत व परिणाम माहीत असताना बसविले आहेत. चालक हा जागा होता. तरी पंचनाम्यात 'कोणाचे चुकीने' या रकान्यातील चालकाचे नाव खोडून तेथे अर्जदाराचे नाव लिहिणेत यावे, व तसा दाखला मयताचे मुलीचे शाळेत देणेत यावा, ही नम्र विनंती."