तिसरी रेघ

"आकडा हलायचा थांबला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. उठायचं आणि बघायला जायचं," मेस्त्रीकाकांनी तिला कामावरच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने हसून मान डोलावली आणि ती ते विसरून गेली. घरात दोन वर्षांची लेक, आज पडली, उद्या तापली. निदान कामावर तरी पडद्यावरची रेघ सरळ चालली आहे, याचं तिला उलट बरंच वाटायचं.

शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयात तीन तराफे नांगरून ठेवले होते. प्रत्येकाखाली साखळीला टांगलेला एक सेन्सर, पाण्यातला प्राणवायू मोजणारा. पाण्यात काहीही सोडा, आठवड्याभरात त्यावर बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ, मग बारीक शिंपले, आणि आकडे बिनदिक्कत खोटं बोलायला लागतात. काकांनी प्रत्येक सेन्सरला तांब्याची जाळी गुंडाळली होती. तांब्याला शेवाळ जरा बिचकून असतं. तरी दर पंधरवड्याला सेन्सरची काच घासावी लागेच, तीही लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने, नाहीतर ओरखडे पडतात. लेकीचे जुने ब्रश ती काकांना आणून द्यायची.

"तुझ्या बबडीपेक्षा माझी ही तीन पोरं जास्त दात घासतात," काका म्हणायचे.

नियम एकच होता. बोटीवर दोघं. एकाने घासायचं, दुसऱ्याने नजर ठेवायची. रजिस्टरमध्ये दोन सह्या दिसल्याशिवाय धक्क्यावरचा रखवालदार चौकीच्या खिडकीतून बोटीची किल्ली हातात देत नसे; बोटीत कोण चढलं, हे मात्र त्याला तिथून दिसत नसे.

त्या सकाळी दोघांनी ऑफिसातच सह्या ठोकल्या, आणि तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. बबडीला ताप.

"काका, उद्या जाऊ."

"उद्यापर्यंत शिंपले पक्के बसतील. तू जा पोरीकडे. मी काय समुद्रात चाललोय?"

"मग माझी सही खोडते."

"खोडलीस की किल्ली गेली. राहू दे गं."

तिने राहू दिली.

अकराच्या आत ती बबडीला औषध पाजून, खांद्यावर टाकून पडद्यासमोर परत आली. पहिली रेघ झपकन वर उडाली. म्हणजे काकांनी सेन्सर पाण्याबाहेर काढला. दहा मिनिटांनी ती खाली आली आणि जिवंत माणसाच्या नाडीसारखी थरथरायला लागली. झाला स्वच्छ. थोड्या वेळाने दुसरीचंही तसंच. बाराला वीस कमी असताना तिसरी उडाली आणि वरच राहिली. फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. सेन्सर अजून हवेतच. काच वाळली की घाण चिकटून बसते म्हणून काका तिच्यावरच डाफरायचे, आणि आज ते स्वतः असा उघडा ठेवतील?

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. हात ओले असतील. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

बबडीच्या अंगाची धग मानेला लागत होती. रखवालदाराला कळवायचं तर सहीचं सांगावं लागणार. नोकरी पक्की व्हायला दोनच महिने उरले होते. हे तिच्या मनात आलं, आणि अशा वेळी हे मनात यावं याचीच तिला शिसारी आली. रेघ तशीच होती. तिने धक्क्यावरच्या चौकीत फोन लावला.

"मॅडम? बोटीवरून काय खणखणीत आवाज येतोय तुमचा," रखवालदार म्हणाला.

"मी बोटीवर नाहीये. सही केली, पण गेले नाही. काका तिसऱ्या तराफ्यावर एकटे आहेत, फोन उचलत नाहीत. दुसरी बोट काढा."

 पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज.

लेकीला छातीशी धरून ती धक्क्यापर्यंत धावत गेली. रखवालदाराची बोट वळणाआड गेली होती. पाण्याकडे बघत ती नुसती उभी राहिली. बबडी किरकिरली तेव्हा तिला कळलं, आपण पोरीला किती घट्ट आवळलंय.

अर्ध्या तासाने बोट आली. काका ताडपत्रीत गुंडाळून बसले होते, ओठ काळेनिळे. तराफ्याच्या शिडीवर पाय सरकला होता. जन्मभर ज्या शेवाळाशी भांडले, त्यानेच डाव साधला. मनगट साखळीत अडकलं, लाइफ जॅकेटने तेवढं तरंगत ठेवलं. फोन वर तराफ्यावर, दोन हातांवर.

"शिडी धरलेली बोटं सुटतच आली होती," रखवालदार पुटपुटला.

"दोनदा वाजला," काका म्हणाले. "म्हटलं, समजेल हिला."

"रेघ हलत नव्हती, काका."

"ऐकलंस म्हणजे एकदाचं. जा, आता तो तिसरा पाण्यात सोडायला कुणाला तरी पाठव."

तिने रजिस्टर मागवलं. आपली सही खोडली आणि शेजारी लिहिलं, गेले नव्हते. साहेब काय म्हणतील ते म्हणोत.

तुमचंही कोणी आत्ता एकटंच गेलं असेल, टाकीत उतरायला, गच्चीवर, विहिरीवर, "आलोच" म्हणून. ही गोष्ट बाजूला ठेवा आणि आधी त्याला हाक मारा. फोनची रिंग वाजतेय एवढ्यावर समाधान मानू नका. उठा, जाऊन बघून या.